पाच हजार लिटर, फक्त आगीसाठी

रेवणसिद्ध झुंजे यांना राग यायला एरवी कारण लागत नसे. पण शहाऐंशी सालच्या त्या मार्चात कारण होतं, ते लेखी होतं, गोल शिक्क्यानिशी होतं, आणि त्यात शुद्धलेखनाच्या नऊ चुका होत्या.

बसवप्रभा अपार्टमेंटच्या जिन्याखाली मीटरच्या पेटीवर कुणीतरी खळ लावून नोटीस चिकटवून गेलं होतं. झुंज्यांनी ती उभ्याउभ्या वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. तीन मजली आणि त्याहून उंच सर्व निवासी इमारतींनी एकवीस दिवसांत पुढील व्यवस्था करावी. गच्चीवर पाच हजार लिटर पाणी फक्त आगीच्या प्रसंगासाठी कायम भरलेलं आणि कुलूपबंद असावं. प्रत्येक मजल्यावर चार लाल बादल्या असाव्यात, दोन वाळूच्या आणि दोन पाण्याच्या. जिना मोकळा असावा. हे सगळं झाल्याचं प्रमाणपत्र इमारत तपासणी कक्षाकडून घ्यावं. प्रमाणपत्र न घेतल्यास इमारतीचा नळ तोडण्यात येईल.

नळाला पाणी येऊन सतरा दिवस झाले होते.

झुंजे हे बसवप्रभाचे सेक्रेटरी. सेक्रेटरी ते असे झाले की, निवडणुकीच्या बैठकीला ते एकटेच वेळेवर आले होते. पण त्यांचा खरा मान वेगळा होता. बसस्टँडसमोर त्यांचा 'झुंजे टंकलेखन वर्ग' होता, आणि लातूरचा जिल्हा झाल्यापासून गावातला एकही महत्त्वाचा अर्ज त्यांच्या मशीनखालून गेल्याशिवाय कचेरीत पोचत नसे. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, साहेब नवे. अर्ज करायची लोकांना नवी हौस. कोणत्या खात्याला 'विनंती' आवडते आणि कोणाला 'नम्र विनंती' लागते, हे झुंज्यांना तोंडपाठ होतं. रेणापूरहून, मुरुडहून लोक एसटीनं यायचे आणि म्हणायचे, झुंजेगुरुजींनी टाईप केलेला अर्ज परत येत नाही. त्यामुळं प्रमाणपत्र ही आपल्यासाठी दोन दिवसांची गोष्ट आहे, असं त्यांनी त्याच संध्याकाळी गच्चीवर बैठक घेऊन जाहीर केलं.

बैठकीला सल्ला घेऊन सगळे आले, वेळ घेऊन कुणी आलं नाही. तळमजल्यावर किराणा दुकान आणि पहिल्या मजल्यावर घर असलेले गुरुपादप्पा म्हणाले की नोटिशीला काही करू नये, तिला आपोआप सुकून पडू द्यावं. साहेब नवा आहे, दिवाळीपर्यंत बदलून जाईल. नळ तोडायचाच असेल तर खुशाल तोडावा, निदान हवा यायची बंद होईल. तिसऱ्या मजल्यावरचे व्यंकटराव उस्मानाबादला महसुलात अव्वल कारकून होते आणि निवृत्त होऊनही मनानं अजून त्या खुर्चीतून उठले नव्हते. त्यांनी नोटीस उजेडाला धरून पाहिली, जावक क्रमांक नाही हे दाखवून दिलं, आणि जावक क्रमांक नसलेल्या कागदात आपल्या काळात पुड्यासुद्धा बांधत नसत असं सांगितलं. मग त्यांनी त्यांच्या काळातल्या तीन गोष्टी सांगितल्या. त्यातल्या एकीतही आग नव्हती.

झुंज्यांच्या समोरच्या दारात राहणाऱ्या सरजाबाई तेवढ्या गप्प बसल्या होत्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स, सगळी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणायची. गेली चार वर्षं त्या जळीतांच्या वॉर्डात होत्या. बैठक संपत आली तेव्हा त्या म्हणाल्या, "झुंजेगुरुजी, बाकीचं तुमी निवांत करा. आधी जिना मोकळा करा. स्टोव्हच्या भडक्यात माणूस जळतं ते खरं हाय, पण मरतं ते बाहेर पडता येत न्हाई म्हणून."

जो तो उठायला लागला. कारण जिना म्हणजे त्या दुष्काळात बसवप्रभाचा पाणवठा झाला होता. प्रत्येक पायरीला ड्रम, प्रत्येक वळणावर रांजण. टँकर दहा दिवसांनी येणार म्हटल्यावर घरात साठवायला जागा पुरत नाही. पाणी जिन्यातच राहणार. आणि शेजाऱ्यांचा भरवसा नको म्हणून प्रत्येक ड्रमाला कडी घालून कुलूप. गुरुपादप्पांचे तर तीन ड्रम; पहिल्या मजल्यावर जागा संपली तेव्हा तिसरा त्यांनी व्यंकटरावांच्या दारापाशी नेऊन ठेवला, आणि त्याचा निषेध म्हणून व्यंकटरावांनी आपली लोखंडी खाट जिन्यात उभी केली. झुंज्यांचा स्वतःचा रांजण त्यांच्या उंबऱ्यापासून दीड हातावर होता. तो तात्पुरता होता. दिवाळीपासून तात्पुरता होता.

झुंज्यांनी वहीत लिहिलं: 'ठराव क्रमांक सात. जिना. विचाराधीन.' आणि ते बादल्यांकडे वळले.

वाळू मिळायला त्रास पडला नाही. मांजरा नदीत त्या वर्षी दुसरं काही नव्हतंच. पण लाल रंग मिळेना. रंगवाला म्हणाला की गावातला सगळा रंग आणि सगळे पेंटर 'जिल्हा उस्मानाबाद' खोडून 'जिल्हा लातूर' लिहिण्यात गुंतलेत. चार वर्षं झाली तरी अजून शाळा, दवाखाने, दगड उरलेतच. शेवटी एक पेंटर उपकार केल्यासारखा आला. त्यानं सोळा बादल्या रंगवल्या आणि प्रत्येकीवर ठळक अक्षरांत 'आग' लिहून गेला. त्यामुळं पाण्यानं भरलेल्या बादलीवर 'आग' आणि वाळूनं भरलेल्या बादलीवरही 'आग', असा देखावा प्रत्येक मजल्यावर उभा राहिला.

पहिल्या दिवशी संध्याकाळी बादल्यांतलं पाणी गेलं. झुंजे संतापून दारोदार फिरले. प्रत्येक घरानं दुसऱ्या घराकडं बोट केलं. दुसऱ्या दिवशी बादल्या गेल्या, त्या तिसऱ्या दिवशी परत आल्या, पण त्यांतल्या दोन बादल्यांना आतून हळदीचा रंग चढला होता. मग झुंज्यांनी लोहाराकडून साखळ्या आणल्या आणि सोळाच्या सोळा बादल्या भिंतीतल्या कड्यांना जखडून टाकल्या. व्यंकटरावांनी विचारलं की आग लागल्यावर बादली साखळीच्या लांबीइतकीच फेकता येईल, मग आगीनं जवळ यायचं का? झुंज्यांनी एक साखळी ओढून बघितली. नसलेल्या उत्तराचा राग त्यांना जास्त यायचा.

वाळू मात्र बांधता येईना. पाणी नाही म्हटल्यावर सगळ्या बिल्डिंगची भांडी कोरड्या वाळूनं घासली जात होती, आणि नदीवरून वाळू आणण्यापेक्षा मजल्यावरून आणणं केव्हाही सोपं. एके सकाळी झुंजे स्वतःच्या स्वयंपाकघरात गेले तर उमाबाई मूठभर वाळूनं तवा घासत होत्या.

"ही वाळू कुठली?" झुंज्यांनी विचारलं.

"आगीची," उमाबाई म्हणाल्या. "तवा काय कमी तापतो?"

बत्तीस वर्षांच्या संसारात उमाबाईंनी नवऱ्याच्या रागाला कधी उलट राग दिला नव्हता. त्यांचं शास्त्र असं की दुधाला उतू जाऊ द्यावं, मग शेगडी पुसून घ्यावी. पण त्या दिवसांत दूधही मिळत नव्हतं आणि शेगडी पुसायला फडकं ओलं करायचीही पंचाईत होती, त्यामुळं त्यांचं बोलणं थोडं कोरडं झालं होतं.

आता राहिली टाकी. गच्चीवर सिमेंटच्या दोन टाक्या आधीच होत्या, दोन्ही खडखडीत. त्यातली पूर्वेकडची झुंज्यांनी आगीसाठी नेमली, तिच्या झाकणाला आणि तोटीला कुलपं घातली आणि ती भरण्याच्या परवानगीसाठी एक अर्ज टाईप केला. त्या अर्जावर त्यांनी जीव ओतला होता. 'सबब' हा शब्द त्यात तीन ठिकाणी होता आणि तिन्ही ठिकाणी शोभत होता.

टँकर द्यायचं काम टंचाई कक्षाचं. टंचाई कक्षातला कारकून अर्ज वाचून म्हणाला की पिण्यासाठी सोडून इतर कामाला पाणी हवं असेल तर ते काम मंजूर असल्याचं प्रमाणपत्र जोडा. कुठलं प्रमाणपत्र? इमारत तपासणी कक्षाचं. झुंजे मधलं पटांगण ओलांडून इमारत तपासणी कक्षात गेले. तिथले अधिकारी बिडवे. अंगानं भरलेले, आवाजानं मऊ. ते म्हणाले, "टाकी भरलेली दिसली की लगेच प्रमाणपत्र देतो की." झुंजे पुन्हा पटांगण ओलांडून टंचाई कक्षात. तिथून पुन्हा बिडव्यांकडं. त्या उन्हात ते पटांगण त्यांनी त्या आठवड्यात अकरा वेळा ओलांडलं. अकराव्यांदा बिडव्यांना दया आली. ते म्हणाले की तात्पुरतं पत्र देता येईल, फक्त इमारतीचा मंजूर नकाशा आणा.

इमारत मंजूर झाली तेव्हा लातूर जिल्हा नव्हतं. नकाशा जुन्या जिल्ह्यात. झुंजे पहाटेच्या एसटीनं उस्मानाबादला गेले. तिथल्या एका रेकॉर्डच्या खोलीतला म्हातारा शिपाई त्यांच्याकडं असा बघत राहिला की जणू वाटणी करून वेगळा झालेला भाऊ डाळ उसनी मागायला आलाय. "तुमचे गठ्ठे तुमाला ट्रक भरून धाडले," तो म्हणाला. "आता तुमच्या घरात बगा." झुंजे परत आले. घरात बघितलं तर गठ्ठे आले होते, पण ते एका गोदामात होते, गोदामावर कुलूप होतं, आणि गठ्ठे उघडण्यासाठी जी समिती नेमायची होती तिच्या नेमणुकीची फाईल त्याच गठ्ठ्यांत बांधली गेली असावी असा कारकुनाचा अंदाज होता.

त्या दिवशी झुंज्यांनी वर्गात येऊन मशीनवर कागद चढवला आणि तासभर काहीही टाईप न करता नुसत्या कळा बडवल्या. शिकायला आलेल्या मुली घाबरून घरी गेल्या. ज्याचे अर्ज परत येत नाहीत त्याचाच अर्ज पुढं जात नव्हता. रेणापूरचा एक माणूस अर्ज टाईप करायला आला होता, तो हे ऐकून म्हणाला की मग आपण हातानंच लिहून बघतो. झुंज्यांना ते लागलं. दुष्काळ, कक्ष, नकाशा, सगळं त्यांनी पचवलं असतं. हे पचलं नाही.

मार्ग निघाला तो बंबवाल्या शंकरप्पांमुळं. शंकरप्पा आगीच्या बंबाचे ड्रायव्हर. त्या उन्हाळ्यात गावातला बंबही पिण्याचं पाणी वाहत होता आणि शंकरप्पांना त्याची मनातून लाज वाटायची. बंब दिसला की लोक आता पळत नसत, कळशी घेऊन पुढं येत. त्यांना बहिणीच्या बदलीचा अर्ज करून हवा होता. झुंज्यांची कहाणी ऐकून ते म्हणाले, "माझ्याकडं लेखी हुकूम हाय. म्हैन्याला एकदा बंबाची चाचणी घ्यायची. शिवारातल्या विहिरीवरनं भरायचं आणि उंच जागी पाणी मारून दाखवायचं. पाणी कुठं पडावं ते हुकमात लिहिलं न्हाई."

शनिवारी सकाळी बंब घंटा वाजवत बसवप्रभासमोर उभा राहिला आणि शंकरप्पांनी पाईप गच्चीवर चढवून पूर्वेची टाकी काठोकाठ भरली. उरलेलं पाणी त्यांनी सवयीनं भिंतीवर मारलं. खाली उभ्या असलेल्या बायका ओल्या भिंतीकडं बघत राहिल्या.

टाकी भरली त्या दिवसापासून झुंजे एकटे पडले. पाच हजार लिटर पाणी डोक्यावर आणि खाली बारा घरं तहानलेली, म्हणजे काय होतं ते कळायला सेक्रेटरीच व्हावं लागतं. पहिल्या दिवशी विनंत्या आल्या, दुसऱ्या दिवशी टोमणे, तिसऱ्या दिवशी अबोला. गुरुपादप्पा दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगायचे की आमच्या बिल्डिंगमध्ये माणसं तहानेनं मेली तर चालतील, जळून मरायची मात्र सक्त मनाई आहे. हळदीकुंकवाला उमाबाईंना बोलावणं येईना. झुंज्यांनी किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली, शिवदाऱ्याच्या, म्हणजे इष्टलिंगाच्या दोऱ्याच्या, शेजारी. सकाळी लिंगपूजेला बसले की ती वाजायची. उमाबाई म्हणाल्या की देवापुढं तरी ती काढून ठेवत जा. झुंजे म्हणाले, देवापुढं काढली तर देवापुढनं जाईल.

नियम त्यांनी स्वतःलाही लावला. त्यांच्या घरात चार दिवस आंघोळ नव्हती. रांजण अर्ध्यावर आला होता, तेवढंच पाणी. तपासणीची तारीख टाकी भरल्यापासून दहा दिवसांनंतरच्या मंगळवारची मिळाली होती. तोवर टाकीची पातळी एक बोट हलली तरी आपली इज्जत गेली, असं त्यांच्या मनानं घेतलं. सकाळ-संध्याकाळ ते खुर्ची घेऊन टाकीशेजारी बसू लागले, ओला रुमाल डोक्यावर घेऊन. म्हणजे रुमाल घामानं ओला व्हायचा.

तपासणीच्या आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी, चौकात टँकर आल्याची आरोळी झाली आणि सगळी बसवप्रभा ड्रमांच्या किल्ल्या कंबरेला खोचून, घागरी घेऊन पळाली. उमाबाई म्हणाल्या, चला, आपणही रांगेत उभं राहू. झुंजे टाकी सोडून जाईनात. कुणी नसताना टाकीकडं कोण बघणार? मग उमाबाईही थांबल्या. एकटीला भरली घागर जिना चढवून आणणं जमणार नव्हतं. नुसतं बसून काय करायचं म्हणून त्यांनी स्टोव्हला पंप मारला आणि भाकरीला बसल्या.

झुंजे गच्चीवर पेपर वाचत होते. खालून आधी एक फटका ऐकू आला, डबा आपटल्यासारखा. मग उमाबाईंची हाक. त्या हाकेत 'अहो' एवढाच शब्द होता, पण बत्तीस वर्षांत तो असा कधी आला नव्हता.

ते धावले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर व्यंकटरावांची खाट आडवी आली. ती ओढताना तिचा पाय गुरुपादप्पांच्या ड्रमात अडकला. झुंजे खाटेवरून चढले, ड्रमाला अंग चोळत आडवे होऊन पलीकडं गेले, धोतराचा सोगा कडीत अडकून फाटला. पुढं चार ड्रम ओळीनं. खालून धूर वर येत होता, काळा, रॉकेलचा. ते ओरडत होते, काय ओरडत होते ते त्यांना नंतर आठवलं नाही. दुसऱ्या मजल्यावर दार उघडं दिसलं. दार दिसतंय आणि आपण पोचलो, या घाईत ते धडकले स्वतःच्याच रांजणावर. रांजण फुटला. घरातलं होतं नव्हतं ते सगळं पाणी पायऱ्यांवरून खाली गेलं.

आत सरजाबाई होत्या. रात्रपाळी करून आलेल्या, झोपेतून उठून समोरच्या दारातून त्या चार पावलांत आत आल्या होत्या. त्यांनी उमाबाईंवर जाड गोधडी टाकून पदराची आग दाबली होती आणि दुसऱ्या गोधडीनं स्टोव्ह. आग विझली होती. भिंत काळी झाली होती. उमाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि उजवा हात, कोपरापासून बोटांपर्यंत, त्यांनी स्वतःचा नसल्यासारखा लांब धरला होता.

"पाणी," सरजाबाई म्हणाल्या. "साधं पाणी, भरपूर. अर्धा तास हात पाण्यात राहिला पायजे, न्हाईतर आतून भाजत जातं."

झुंज्यांनी घरातली भांडी पाहिली. तांब्यात घोटभर. सरजाबाईंच्या घरी दोन लोटे, ते त्यांनी आधीच ओतले होते. झुंजे दारात आले. बाहेर जिनाभर पाणी होतं, पायरीपायरीला, ड्रमाड्रमात, आणि प्रत्येकाला कुलूप होतं. त्यांनी एका कुलपाला हिसका दिला. लाल बादलीला हात घातला, तर ती भिंतीला बांधलेली आणि रिकामी. ते तसेच उभे राहिले. एवढा माणूस रागीट, पण त्या क्षणी त्यांना कुणावर रागवावं ते सुचेना.

"झुंजेगुरुजी," सरजाबाई आतून म्हणाल्या, आवाज न चढवता, "गळ्यात काय हाय तुमच्या?"

ते पुन्हा तो जिना चढले. ड्रमांवरून, खाटेवरून. टाकीचं कुलूप काढलं. कळशी भरून खाली, रिकामी घेऊन वर, पुन्हा खाली. सहा खेपा केल्या. सरजाबाईंनी परातीत उमाबाईंचा हात धरून ठेवला होता आणि वरून पाणी सोडत होत्या. उमाबाई रडत नव्हत्या. पाचव्या खेपेला त्या एवढंच म्हणाल्या, "हे पाणी आगीचं हाय न्हवं? मग आपल्याला चालतंय." झुंज्यांनी रिकामी कळशी उचलली आणि ते सहाव्या खेपेला वर गेले.

लोक तासाभरानं टँकरवरून परतले. जिन्यात वाहिलेलं पाणी, फुटलेला रांजण, आडवी खाट, आणि वास. काय झालं ते सरजाबाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. व्यंकटरावांनी आपली खाट उचलून घरात नेली. गुरुपादप्पांनी झुंज्यांच्या दारातून आत पाहिलं, उमाबाईंना पाहिलं, आणि वर जाऊन आपला तिसरा ड्रम एकट्यानं पायरीपायरीनं खाली आणू लागले. अंगानं जड माणूस, धापा टाकत होते. मग दुसऱ्यांनी आपापले ड्रम हलवले. कुणी पलंगाखाली, कुणी न्हाणीत, कुणी देवघरात. बैठक झाली नाही, ठराव झाला नाही. संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्यांचा रंग काय आहे हे बसवप्रभाला कित्येक महिन्यांनी कळलं.

मंगळवारी बिडवे आले. मोकळा जिना त्यांनी पाहिला आणि कागदावर खूण केली. रात्रीत भरून ठेवलेल्या बादल्या पाहिल्या, साखळ्यांकडं जरा जास्त वेळ पाहिलं, तरी खूण केली. गच्चीवर टाकीचं झाकण काढून त्यांनी काठी आत सोडली, वर काढली आणि ओला भाग मोजला.

"चार बोटं कमी हाय," ते म्हणाले.

झुंजे म्हणाले की काल आग लागली होती, त्यात वापरलं. बिडव्यांनी मऊ आवाजात विचारलं की बंब बोलावला होता का. नव्हता. पंचनामा झाला का. नव्हता. मग त्यांच्या दप्तरी कालच्या तारखेला या इमारतीत आग लागलेली नव्हती, आणि आग लागली नसेल तर आगीचं पाणी कमी झालं याचा अर्थ ते दुसऱ्या कामाला वापरलं, आणि ते नियमाविरुद्ध आहे. कारणाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. 'गैरवापर' असं लिहावं लागेल. त्यांचा नाइलाज आहे.

गच्चीवर सगळी बिल्डिंग जमली होती. सगळ्यांनी झुंज्यांकडं पाहिलं. त्यांच्या कपाळाची शीर वर आली होती आणि ओठ हलत होते. एका मार्चात साठलेला सगळा राग, पटांगणाच्या अकरा फेऱ्यांचा, उस्मानाबादच्या शिपायाचा, गोदामाच्या कुलपाचा, रांजणाचा, स्वतःचा, एकदम उसळून आला आणि ते बिडव्यांच्या दिशेनं एक पाऊल पुढं आले.

मागून उमाबाई आल्या. सरजाबाईंनी त्यांना धरलं होतं. उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरं बँडेज. त्या सरळ बिडव्यांसमोर गेल्या आणि त्यांच्या हातातल्या पाटीवर, त्या कागदावर, तो हात ठेवला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "ह्याच्यावर मारा शिक्का."

बिडव्यांनी हात मागं घ्यायचा प्रयत्न केला, पण पाटी त्यांच्याच हातात होती. ते बँडेजकडं बघत राहिले. औषधाचा आणि जळक्याचा वास त्यांच्यापर्यंत पोचला असावा.

"बाई, मला कारण लिहावं लागतं," ते म्हणाले. आवाज आता मऊ नव्हता, नुसता बारीक होता.

"मी सांगते, लिवा. सोमवारी सकाळी आग लागली. बाईचा हात जळाला. समोरच्या बाईनं गोधडीनं विझवली. चार बोटं पाणी हातावर घातलं. लिवलं?"

बिडव्यांनी कारणाच्या रकान्यात तसंच लिहिलं.

"आता खाली लिवा, बंब आला न्हाई, कारण तो पाणी वाटत होता."

बिडव्यांनी गुरुपादप्पांकडं पाहिलं, व्यंकटरावांकडं पाहिलं. तिथं कुणी मदतीला नव्हतं. त्यांनी तेही लिहिलं. मग ते म्हणाले की जबाबाखाली सही लागेल. उमाबाईंनी पेन डाव्या हातात घेतलं. पेन बोटांत नीट बसेना, पाटी गच्चीच्या वाऱ्यात हलत होती, कागद उडत होता. सगळ्या जिल्ह्याचे अर्ज टाईप करणारे रेवणसिद्ध झुंजे पुढं झाले, वाकले, आणि बायकोची वाकडीतिकडी सही पूर्ण होईपर्यंत दोन्ही हातांनी कागद घट्ट धरून उभे राहिले.